चौऱ्याहत्तर टोल

चिठ्ठीत दोन वाक्यं होती. ‘बाई शांत निजल्या. आता काळजी नाही.’ खाली सही: कुलथे, कंपाउंडर.

पोस्टमन शेख सायकलवरून उतरले नव्हते. एक पाय माझ्या पायरीवर टेकवून ते उभे होते.

“दवाखान्यावरून येत होतो,” ते म्हणाले. “कुलथेंनी दिली. म्हणाले, पाळकसाहेबांच्याच हातात द्या.”

“आणखी काही म्हणाले?”

“नाही. पुढं पेशंट होते त्यांच्या.” शेखांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. “गेल्या का बाई?”

मी मान हलवली. ते सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून चालत गेले.

भिंतीवरच्या घड्याळात बारा पन्नास झाले होते. सोळा फेब्रुवारी १९८४, गुरुवार. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि शेवरगावच्या मंडळीचा पाळक होऊन मला सात महिने झाले होते.

आमच्या ख्रिस्ती लोकांत माणूस मेला किंवा वारला असं सहसा म्हणत नाहीत. तो प्रभूमध्ये निजला, असं म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘प्रभूमध्ये’ गळून पडतं आणि ‘निजला’ तेवढं उरतं. भिंगारदिवेबाई निजणार हे सगळ्यांना माहीत होतं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मंगळवारीच मला बाजूला घेऊन दोन दिवसांचा अंदाज दिला होता. मंगळवार आणि बुधवारची रात्र मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशी बसलो होतो. दोन्ही रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. श्वास घेताना त्या खाटेची कड धरत. सकाळी मी अंघोळीला घरी निघालो तेव्हा डॉक्टर नगरला गेलेले होते. मी कुलथेंना सांगितलं होतं, “काही झालं तर लगेच चिठ्ठी पाठवा.”

चिठ्ठी आली होती.

मी टेबलाच्या खणातून पाकीट काढलं. ते बाईंनी सोमवारीच माझ्याकडे दिलं होतं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘मी निजल्यावर उघडणे.’ चौतीस वर्षं त्यांनी मिशनच्या शाळेत मराठी शिकवलं होतं आणि अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं होतं. आत एकच कागद होता.

‘१. कळताक्षणी आधी निरंजनला कळवणे. कारखान्याच्या ऑफिसचा नंबर मागे लिहिला आहे. माझ्याकडे नंतर यावे. पाळक घरातून निघाले की माणसं मागे लागतात, आणि मग मनमाडहून दोन पन्नासची गाडी चुकते. २. घंटा, रिवाजाप्रमाणे. ३. शवपेटीला झालर नको.’

निरंजन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात फिटर. अकरा वर्षांत तो शेवरगावला आलेला नव्हता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

दवाखाना माझ्या घरापासून पाऊण मैलावर होता. मी आधी तिकडे जायला हवं होतं. पण कागदावर ‘नंतर यावे’ असं लिहिलं होतं, आणि मी कागदाप्रमाणे केलं. एक वाजून पाच मिनिटांनी पोस्टात ट्रंक कॉल लावायला दिला. एरवी दोन-दोन तास लागत. त्या दिवशी वीस मिनिटांत लागला. कोणीतरी निरंजनला बोलवायला गेलं. मागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता.

“बोला.”

“मी शेवरगावचा पाळक बोलतोय. तुमच्या आई निजल्या.”

आवाज येत राहिला. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही.

“कधी?”

“आज. दुपारी.”

“शेजारी कोण होतं?”

“दवाखान्यातली माणसं होती,” मी म्हणालो. “दफन तुम्ही आल्यावर. दोन पन्नासची गाडी...”

“येतो असं मी म्हणालेलो नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चर्चच्या आवारात दानियलमामा थोरात कुंपणाची तार आवळत बसले होते. तेवीस वर्षं ते चर्चची झाडलोट करत आणि घंटा वाजवत. मला पाहून ते उठले.

“सलाम, सायेब. झोपला नाय वाटतं रातभर.”

“मामा, बाई निजल्या.”

त्यांनी पक्कड खिशात घातली. “मनमाडला कळवलं?”

“आत्ताच.”

“पोरगी येईल?”

पोरगी म्हणजे मार्था, त्यांची मुलगी. निरंजनची बायको.

ही गोष्ट मला गावात आल्यापासून चार-पाच जणांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली होती, पण मुद्दे सगळ्यांचे सारखे होते. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात आणि पाळक विचारतो, या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आता बोलावे. कोणी बोलत नसतं. १९७३ साली निरंजन आणि मार्था यांची नावं तिसऱ्यांदा पुकारली गेली तेव्हा पहिल्या बाकावरून बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझी आहे.” पाळकांनी कारण विचारलं. कायद्यात बसेल असं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. मुलगी सातवी नापास होती आणि बाप घंटेवाला होता, एवढंच होतं. ते त्या बोलल्या नाहीत, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. दानियलमामा त्या वेळी मागे घंटेच्या दोरीशी उभे होते. लग्न महिन्याभराने मनमाडच्या चर्चमध्ये झालं. त्यानंतर मामा बाईंना रोज सलाम घालत, बाई रोज मान हलवत. अकरा वर्षं त्या दोघांत तेवढंच बोलणं होतं.

“येईल की नाही, सांगता येत नाही,” मी म्हणालो.

मामा नळावर गेले. हात, तोंड, मान धुतली. सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“वरसं किती झाली बाईंची?”

“चौऱ्याहत्तर.”

मयताची घंटा आमच्याकडे वयाइतके टोल वाजवतात, सावकाश, एकेक. दहा सेकंदांना एक. दोरी मामांनी दोन्ही हातांनी धरली. एक वाजून चाळीस मिनिटांनी पहिला टोल पडला आणि मामा पुटपुटत मोजू लागले. ते एकही चुकले नाहीत. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. संपल्यावर त्यांनी दोरी खुंटीला गुंडाळली आणि म्हणाले, “नीट झालं ना? नाय तर म्हनायचे, घंटेवाल्यानं कंजूषी केली.”

मग मी दवाखान्याकडे निघालो.

बाईंनी लिहिलं होतं तसंच झालं. मी ओढ्यापर्यंत पोचलो तेव्हा माझ्या मागे पंधरा-वीस माणसं होती. काहींच्या हातात फुलं होती. सर्वात पुढे तुकाराम पाटोळे, मंडळीतले सर्वात वयस्कर, ऐंशी वर्षांचे, काठी टेकत पण झपाझप. दवाखान्याच्या दारात कुलथे उभे होते. त्यांचा चेहरा घाबरलेला दिसला.

“पाळकसाहेब,” ते म्हणाले, “कोण गेलं हो? बाई केव्हाच्या विचारतायत.”

“कोण विचारतंय?”

“बाई. भिंगारदिवेबाई.”

मी खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, मागच्या माणसांकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं.

“अहो, दोन रात्री झोप नव्हती त्यांना,” ते हळूच म्हणाले. “डॉक्टरांनी जाताना इंजेक्शन सांगितलं होतं. ते दिलं, साडेअकराला छान निजल्या. तुम्हाला काळजी होती म्हणून मी...” ते थांबले. “आता घंटेनं उठल्या.”

मागून पाटोळ्यांनी सगळं ऐकलं होतं. बाकीच्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग एक बाई हसली आणि तिने तोंडावर पदर धरला. पाटोळे काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, “मेलेल्या लाजराला कबरीतून उठवायला प्रभूला चार दिवस थांबावं लागलं. आमच्या पाळकांनी दोन तासांत काम केलं.”

मी आत गेलो.

बाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. चष्मा लावलेला होता. श्वास अजून वर-खाली होत होता, पण तोंडावर रात्रीची राखाडी कळा नव्हती.

“एकाहत्तर,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीचे दोन-तीन झोपेत गेले असतील. आपल्या मंडळीत सत्तरीपुढची तिघं. सोनूबाई मुलीकडे पुण्याला आहे. राहिले पाटोळे आणि मी. आणि पाटोळे मला आत्ता या खिडकीतून फुलं घेऊन येताना दिसले.”

“बाई, माझी चूक झाली.”

“चिठ्ठी बघू.”

मी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली.

“वाक्य बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “वाचणारा चुकला.” मग, चिठ्ठी घडी करत, “आपण निजली म्हणतो, ते उठणार म्हणून म्हणतो ना? दर दफनाला सांगता तुम्ही. मग मी उठले तर एवढं दचकायला काय झालं?”

सेमिनरीत तीन वर्षं मी पुनरुत्थानावर निबंध लिहिले होते. ‘निजला’ हा शब्द तोंडात येताना त्याच्या पुढच्या टोकाला उठणं आहे, हे मी किती काळ मनात आणलं नव्हतं, ते मला त्या खाटेशी उभं असताना कळलं.

बाईंचा हात चादरीवर थांबला.

“पाकीट उघडलंत?”

“हो.”

“कागदाप्रमाणे केलंत?”

“हो.”

“म्हणजे त्याला कळवलंत.”

“हो.”

“काय म्हणाला?”

“शेजारी कोण होतं, असं विचारलं. मी गाडीचं सांगायला लागलो तेव्हा म्हणाला, येतो असं मी म्हणालेलो नाही. फोन ठेवला.”

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. तिथे पाटोळे फुलं कोणाकडे द्यायची यावर कुलथेंशी बोलत होते.

“किती वाजले?”

“दोन वाजून पंचवीस.”

“मग आता मला थांबावं लागणार,” त्या म्हणाल्या.

मला ते वाक्य नीट कळलं नाही. मी म्हणालो, “मी पुन्हा फोन लावतो. सांगतो, चूक झाली, बाई बऱ्या आहेत.”

“लावून बघा.”

मी पोस्टात गेलो. या वेळी कॉल लागायला सव्वादोन तास लागतील असं सांगण्यात आलं. परत आलो तेव्हा तीन वाजले होते. गाडी सुटलेली होती. ती शेवरगावला पाच पस्तीसला यायची. निरंजन तिच्यात असला तर आईच्या दफनासाठी येत होता, आणि त्याला उतरवून घेऊन काय सांगायचं ते मला ठरवायचं होतं.

दानियलमामा दवाखान्याच्या बाहेर पिंपळाच्या पारावर बसले होते. आत आले नव्हते. मी शेजारी बसलो.

“चौऱ्याहत्तर टोल फुकट गेले,” ते म्हणाले. खांदा चोळत होते.

“मामा, तो आला तर काय सांगू?”

“सांगा, म्हातारी लई आजारी हाय म्हनलं होतं. फोनवर नीट ऐकू येत नाय, कारखान्यात आवाज असतो. त्याच्या ऐकण्यात चूक झाली असंल.”

“ते खोटं आहे.”

“हाय की. पण खरं सांगितलं तर तो प्लॅटफॉर्मवरूनच मागं फिरंल. त्याला वाटंल, आईनं डाव टाकला. मी वळखतो त्याला, जावाई हाय माझा.”

मी आत जाऊन बाईंना विचारलं. त्यांनी तोवर कुलथेंकडून कंगवा मागून घेतला होता.

“खरं सांगितलं तर परत जाईल,” त्या म्हणाल्या. “मला माहीत आहे. आणि खोटं सांगितलंत तर येईल, बसेल, आणि उद्या त्याला कळेल.”

“मग मी काय करू?”

“मला विचारू नका. मी शिक्षिका होते. पाळक तुम्ही आहात.”

शेवरगावचं स्टेशन म्हणजे एक शेड, एक बाक आणि एक नळ. मी पाच वाजताच पोचलो. तीन वाक्यं तयार केली होती. ‘बाईंची प्रकृती गंभीर आहे. फोनवर घोटाळा झाला असावा. चला, त्या वाट बघतायत.’ त्यातलं पहिलं खरं होतं, तिसरं मी अंदाजाने धरलं होतं, आणि दुसऱ्यात ‘असावा’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. मी ती म्हणून पाहत होतो. दानियलमामा माझ्यामागे आले होते, पण नळापाशीच थांबले.

गाडी बारा मिनिटं उशिरा आली. चार माणसं उतरली. तिसरा निरंजन होता. त्याची हनुवटी बाईंची होती. तो कामाच्या कपड्यांत होता, नखांत काळं वंगण तसंच. त्याच्यामागे पांढऱ्या साडीतली मार्था उतरली. तिने बापाला पाहिलं आणि नुसती मान हलवली.

“पाळक तुम्हीच?” निरंजन म्हणाला. “पेटी बंद केली का?”

मी तीन वाक्यं पाठ करून आलो होतो. तो प्रश्न ऐकल्यावर त्यातलं एकही निघेना.

“बाई जिवंत आहेत,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. मी न बघता तुम्हाला कळवलं.”

त्याला काय ऐकलं ते जुळवायला वेळ लागला. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि सगळं क्रमाने सांगितलं: चिठ्ठी, पाकीट, फोन, घंटा. चिठ्ठीवर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले. गाडी निघून गेली. आम्ही चौघंच राहिलो.

“तिनं सांगितलं तुम्हाला असं करायला?”

“नाही. त्या झोपेत होत्या.”

“मी येतोय हे तिला माहीत आहे?”

“मी कळवलंय, एवढं माहीत आहे. तुम्ही याल की नाही, ते कोणालाच माहीत नव्हतं.”

तो बाकावर बसला. “मनमाडची परतीची गाडी किती वाजता?”

“सात पाच.”

“ठीक आहे,” तो म्हणाला, आणि हात गुडघ्यांवर ठेवून रुळांकडे पाहू लागला.

दानियलमामांनी नळापासून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर, सांगितलं नव्हतं का, असं स्पष्ट होतं.

“तुम्हाला कळवा असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं,” मी म्हणालो आणि बाईंचा कागद काढला. त्याने तो वाचला आणि परत दिला.

“बघा ना,” तो म्हणाला. “निजल्यावर. अकरा वर्षांत एक कार्ड नाही. मेल्यावर कळवा. जिवंतपणी माझं तोंड बघायचं नव्हतं, हे लिहूनच दिलंय.”

“आणा इकडे,” मार्था म्हणाली. तिने कागद माझ्या हातातून घेतला. ती सावकाश वाचत होती, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिने तो पुन्हा वरून वाचला.

“दोन पन्नासची गाडी,” ती म्हणाली.

“काय?”

“गाडीची वेळ लिहिलीय. ही वेळ जूनपासून बदलली. आधी सव्वातीनची होती. म्हणजे जूननंतर कुणाला तरी विचारलं त्यांनी.” तिने कागद उलटा केला. “कारखान्याचा नंबर पण नवीन आहे. दिवाळीत बदलला तो.”

निरंजनने मान वाकवून नंबर पाहिला.

“तुम्हाला कळत नाही का हो?” मार्था म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “जिवंतपणी बोलावलं आणि तुम्ही नाही आलात, तर ते त्यांना कळलं असतं. मेल्यावर नाही आलात तर कळणार नव्हतं. म्हणून निजल्यावर.”

मला ‘मग आता मला थांबावं लागणार’ हे वाक्य त्या वेळी समजलं. बाईंनी स्वतःसाठी एवढीच सोय करून ठेवली होती आणि ती मी मोडली होती. दुपारी अडीचपासून त्या खाटेवर बसून, जे कळू नये अशी त्यांनी तजवीज केली होती, तेच कळायची वाट पाहत होत्या.

मार्थाने कागदाची घडी घालून माझ्याकडे दिला. “मी जाते,” ती नवऱ्याला म्हणाली. “मेलेल्या माणसाच्या पाया पडायला आले होते. जिवंत आहेत तर मला दोन शब्द बोलायचेत त्यांच्याशी. तुम्ही बसा, सात पाच होईपर्यंत.”

आणि ती निघाली. दानियलमामा तिच्यामागे गेले. मी थांबलो. निरंजनने एकदा रुळांच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग नळावर जाऊन हात धुतले. वंगण साबणाशिवाय निघत नाही. तो माती घेऊन घासत राहिला, बराच वेळ. मग हात पँटला पुसून म्हणाला, “कुठला दवाखाना? ओढ्यापलीकडचा?”

आम्ही पोचलो तेव्हा मार्था आत खाटेच्या पायाशी उभी होती. मामा उंबऱ्याबाहेर. निरंजन त्यांच्याशेजारी जाऊन थांबला. बाईंचा भांग सरळ पाडलेला होता. त्यांनी मुलाला पाहिलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

“गाडीला उशीर झाला.”

“बारा मिनिटं,” निरंजन म्हणाला.

“मी काय म्हणत होते,” मार्था म्हणाली. ती नवऱ्यासाठी थांबणार नव्हती. “त्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात, तेव्हा माझे वडील दोरीपाशी उभे होते. मला जे म्हणायचं ते म्हणा. पण त्यांच्याकडे एकदा तरी बघायचं होतं तुम्ही.”

“बघितलं होतं,” बाई म्हणाल्या.

मार्थाने वळून बापाकडे पाहिलं.

“बसायच्या आधी बघितलं होतं. तेच पुसता आलं नाही.” त्या दम घ्यायला थांबल्या. मग दाराकडे पाहून म्हणाल्या, “दानियल, आत या. बाहेर का उभे आहात?”

मामा आत आले. चपला बाहेर काढून.

“पाळकसाहेब, तुम्हीही ऐका. मंडळीच्या वहीत माझं नाव आहे त्या दिवसाचं.” त्यांनी खाटेची कड धरली, रात्री धरत तशी. “या लग्नाला माझी हरकत नाही.”

मार्था त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू आलं, आवरता येईना असं. “अकरा वर्षं झाली, बाई. दोन मुलं आहेत. आता असून तरी काय करणार होतात?”

“मुलं आहेत ते माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “थोरलीचं शुद्धलेखन कसं आहे?”

“वाईट,” निरंजन म्हणाला. तो अजून उंबऱ्यातच होता. “फार वाईट. ऱ्हस्व-दीर्घ काही कळत नाही तिला.”

“मग आणून सोड की माझ्याकडे. तिथे उभा राहून काय सांगतोस?”

तो आत आला.

सात पाचची गाडी आम्हाला सगळ्यांना ऐकू आली. तिच्याबद्दल कोणी बोललं नाही. मी बाहेर पारावर येऊन बसलो. थोड्या वेळाने कुलथे चहाचे दोन कप घेऊन आले आणि म्हणाले, “पुढच्या वेळी मी ‘झोपल्या’ लिहीन.”

रविवारी उपदेशाआधी मी मंडळीसमोर चूक कबूल केली. लोक हसले, आणि ते हसू मला उपदेशापेक्षा जास्त काळ ऐकू येत राहिलं. मंडळीच्या जुन्या वहीत, १९७३च्या नोंदीखाली, मी तारीख घालून एक ओळ लिहिली. ती अजून तिथे आहे.

बाई डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा नऊ महिने जास्त जगल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही नातवंडं शेवरगावात होती. थोरली रोज सकाळी पाटी घेऊन ओट्यावर बसलेली दिसे. जूनमध्ये बाईंना पंचाहत्तर पूर्ण झाली. नोव्हेंबरात छातीत पुन्हा पाणी झालं. या वेळी मार्था आठ दिवस आधी आली होती. सकाळी साडेनऊला मी खाटेशी होतो, निरंजनही होता. कुलथेंनी नाडी पाहिली, हात हळूच चादरीवर ठेवला आणि मला म्हणाले, “या वेळी चिठ्ठी नाही देत. तुम्हीच बघा.”

मी बघितलं. मग पाकीट उघडलं. ते नवीन होतं. पहिलं कलम आता नव्हतं, कळवायचं कोणाला राहिलं नव्हतं. कागदावर दोनच ओळी होत्या.

‘१. घंटा: चौऱ्याहत्तर फेब्रुवारीतच वाजून झाल्या आहेत. त्या पुन्हा वाजवून दानियलच्या खांद्याला त्रास देऊ नये. राहिलेली एक मार्थाने वाजवावी. २. पेटीला झालर नको, हे मागेच सांगितले आहे.’

मी कागद मार्थाला वाचायला दिला. ती ओठ हलवत वाचून उठली. चर्चमध्ये मामांनी खुंटीची दोरी सोडून तिच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले, अकरा वर्षांपूर्वी उभे होते तिथेच. तिने दोन्ही हातांनी दोरी ओढली. लहानपणी पाहून पाहून तिला ते येत होतं.

मी दारात उभा होतो. समोरच्या रस्त्यावर पाटोळे काठी टेकून थांबले होते; टोल मोजायला त्यांनी एक बोट वर धरलं होतं. आवाज विरत गेला. दहा सेकंद झाली, वीस झाली. दुसरा टोल पडत नाही हे पाहून त्यांनी बोट खाली घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढली.